पाठ करून बसणाऱ्या कौसामावशी

लहान लेकरू स्टुडिओत आलं की कौसामावशी आधी त्याच्याकडे पाठ करून बसत. नवखी गिऱ्हाइकं यामुळे बिचकत. खेड्यापाड्यांतून एसटीनं आलेली माणसं ती. लेकराला नवाकोरा ड्रेस घातलेला, कपाळाला गंध, गालावर काजळाची तीट. त्यांना वाटे, या बाईला आपलं काम करायचंच नाही की काय! मावशी मात्र भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसकण मारत, मांडीत कॅमेरा घेत आणि समोर एक जुनं पितळी कुलूप ठेवून त्यात किल्ली घालत, काढत, पुन्हा घालत. आईबापांना एकच हुकूम असे, "कोनीबी त्याले नावानं हाक मारू नका. गप बसा, जसं काई लेकरू आनलंच नाही."

मग लेकरू आपलं स्टुडिओभर हिंडे. पडदा ओढे, छत्रीसारखा दिवा हलवून बघे, स्टुलावर चढे आणि उतरे. आईचा जीव वरखाली होई, पण मावशी ढिम्म. शेवटी त्या किल्लीची खडखड लेकराला स्वस्थ बसू देत नसे. ही बाई आपल्याकडे न बघता करतेय तरी काय, हे बघायला ते वळसा घालून त्यांच्या पुढ्यात येई. वाकून कुलपाकडे बघे. तेवढ्यात मांडीतला कॅमेरा वाजलेला असे. मंगरूळपीरच्या आसपास कुणाच्याही घरी जा, भिंतीवरचं लेकरू 'हे काय आहे?' असं विचारत असल्यासारखं दिसलं, की समजायचं, फोटो कौसामावशींचा.

स्टुडिओ मूळचा त्यांच्या यजमानांचा. बसस्टँडमागच्या गल्लीत, एका पिठाच्या गिरणीला लागून. त्यामुळे पडद्यावरच्या निळ्या आभाळावर कायम पिठाची धूळ असायची. यजमान लग्नांचे फोटो काढत हिंडायचे आणि मावशी दुकान सांभाळायच्या, लेकरांना धरायच्या. यजमान गेल्यावर लोकांना वाटलं, आता इथं झेरॉक्सचं दुकान येणार. मावशींनी तेराव्यानंतर शटर वर केलं आणि कॅमेरा हातात घेतला. बाईमाणसाला फोटो काढता येतात का, असं कुणी तरी चौकात म्हणालं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी तिथंच जाऊन ऐकवलं, "फोटो बोटानं निंगते, मिशीनं नाही." अंगानं जाड, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं तिखट अशी ही बाई. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं त्यांना जन्मात जमलं नाही.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो हरलेला बाप म्हणून. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. चाळीस पोरं एका नजरेत खाली बसवतो, अशी माझी मला फार घमेंड होती. माझ्या विरूनं ती दोन वर्षांचा व्हायच्या आत उतरवली. चालायला लागला त्या दिवसापासून हा पोरगा चाललाच नाही, पळालाच. माझ्या मोबाइलमध्ये त्याचे ढीगभर फोटो होते. एकात पडदा हलतोय, एकात नुसती टाच, एकात अर्धा कान आणि मागे कुकर. आधार कार्ड काढायला नेलं तर तिथल्या ऑपरेटरनं घाम पुसत शेवटी, "सर, तुम्हीच धरा बरं," म्हणून सुटका करून घेतली. त्या कार्डावर विरू थोडा आहे आणि माझा अंगठा बराच.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण आसेगावला माझे बाबा वाट बघत होते.

बाबांना काचबिंदू झाला होता. ध्यानात यायला उशीर झाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवू या, तीही किती टिकेल सांगता येत नाही. कडेचं सगळं दिसेनासं झालं होतं. समोरचं तेवढं राहिलं होतं. बाबा सांगायचे, "स्प्रिंकलरच्या पाइपातून पाह्यल्यावानी दिसते, संजू." आता त्या पाइपासमोर विरू थांबणार कसा? तो यायचा आणि जायचा. बाबा मान वळवेपर्यंत अंगण रिकामं. "तो आला म्हनता तुमी. मले तं निरा वारा गेल्यावानी वाटते," असं म्हणून ते हसायचे, पण ते हसणं आम्हाला ऐकवत नसे.

धरून समोर बसवला की विरू भोकाड पसरायचा. बाबा लगेच म्हणायचे, "सोड त्याले. रडता चेहरा सगळ्यायचा सारखाच असते." झोपलेला त्यांनी पाहिला होता. तासभर जवळ बसून, चेहऱ्यावरून बोट फिरवत पाहिला होता. पण त्यांना हवे होते विरूचे उघडे डोळे. माझी आई घाऱ्या डोळ्यांची होती. ती माझ्या लग्नाआधीच गेली. तिचा एकुलता एक फोटो काळापांढरा आहे आणि त्यात डोळ्यांचा रंग काही कळत नाही. विरू जन्मला आणि वर्षाच्या आत सगळे म्हणायला लागले, पोरानं आजीचे डोळे आणले. सगळ्यांनी पाहिले, बाबा सोडून. एकदा जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, "खरंच तसे हायेत का रे? का मले बरं वाटावं म्हून म्हनतात लोक?" मी म्हटलं, खरंच आहेत. त्यांनी मान हलवली, पण कुणी सांगणं आणि आपण बघणं यातला फरक मलाही कळत होता. म्हणून ठरवलं, एक झकास फोटो काढायचा. फोटो पळत नाही. बाबा तो पाहिजे तेवढा वेळ बघतील.

मी आणि माझी बायको सविता विरूला घेऊन स्टुडिओत गेलो. मी सवयीनं त्याला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि "हाताची घडी!" असं दरडावलं. मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच हाताची घडी घातली.

"गुर्जी, हे शाळा नाही. लेकरू बसत नसते, आपन बसा लागते. बसा खाली."

मी खाली बसलो. सवितानं मोबाइलवर कार्टून लावून कॅमेऱ्याच्या वर धरला, तर तोही त्यांनी बंद करायला लावला. "त्याच्यात घातलं का लेकरू घरी राह्यते कुठं? नुस्तं तोंड राह्यते इथं." मग त्यांनी पाठ केली, कुलूप काढलं. पण विरू साधासुधा गडी नव्हता. त्याला दाराबाहेर गिरणीचा पट्टा फिरताना दिसला होता. तो बाहेर, मी मागे, परत आत, परत बाहेर. शेवटी दमून तो सविताच्या खांद्यावर झोपला. मी म्हटलं, "मावशी, निदान असा तरी एक काढून ठेवा."

त्यांनी कॅमेऱ्याला झाकण लावलं. "झोपेल लेकराचा फोटो मी काढत नसतो." आवाज तिखट नव्हता. मग त्यांनीच सांगितलं. पूर्वी खेड्यात घरात माणूस गेलं की फोटोवाल्याला बोलावणं यायचं. जित्तेपणी कुणी फोटो काढलेला नसायचा. यजमान सायकलवर जायचे. कधी म्हातारं माणूस असायचं, कधी लेकरू. "लेकराले नवे कपडे घालून ठेवेल राहे. झोपल्यावानीच दिसे. हे घरी आले का दोन-दोन दिवस जेवत नसत." आपल्या हाती दुकान आलं तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की मिटल्या डोळ्यांचा फोटो या दुकानातून जाणार नाही. हे बोलता बोलता त्यांनी विरूच्या पायातला सुटलेला बूट नीट बसवला आणि विचारलं, "फोटो कोन पाह्यनार हाय?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आलेल्या प्रत्येकाला त्या तो विचारायच्या आणि उत्तरावर पुढचं सगळं ठरायचं. एकदा माझ्यादेखत एक बाई आली होती. ऊसतोडीला निघालेली. पोरीला सासूपाशी ठेवून जायचं होतं आणि जाताना तिचा फोटो सोबत न्यायचा होता. पोरीला जरीचा फ्रॉक, केसांत फुलं, ओठाला लाली. मावशींनी प्रश्न विचारला, बाई म्हणाली, "मीच पाहीन, मावशी. फडावर." मावशींनी तिथल्या तिथे तो फ्रॉक उतरवायला लावला आणि पिशवीतला रोजचा, बाहीला ठिगळ असलेला झबला घालायला लावला. "फडावर तुले आठोन येईन ते रोजचं लेकरू येईन, लगनातलं नाही." बाई आधी नाराज झाली. फोटो हातात आल्यावर मात्र तिनं तो पदराच्या गाठीत बांधला आणि पोरीला कडेवर घेऊन बराच वेळ दारातच उभी राहिली.

तर मावशींनी मला तो प्रश्न विचारला आणि मी बाबांचं सगळं सांगितलं. पाइप, वारा, घारे डोळे, सगळं. मावशी म्हणाल्या, "मंग खूप मोठा काढू. भिंतीएवढा. उद्या परत आना याले."

उद्याचे पुष्कळ उद्या झाले. आम्ही जात राहिलो आणि विरू पळत राहिला. एका दुपारी वीज गेली, गिरणी बंद पडली. पट्टा फिरायचा थांबला तसं विरूला करायला काही उरलं नाही. तो वळसा घालून मावशींच्या पुढ्यात आला. इतर लेकरांसारखा कुलपावर वाकला. पण मावशींना वाकलेला चेहरा नको होता, डोळे हवे होते. त्यांनी किल्ली फिरवली, कुलूप खट्टकन उघडलं आणि विरूनं चमकून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. दारातून येणारा उजेड सरळ त्याच्या डोळ्यांत होता. कॅमेरा वाजला. फोटो पाहून सविता रडली. माझ्या आईला तिनं कधी पाहिलं नव्हतं, तरी रडली.

फोटो खरंच प्रचंड मोठा केला गेला. अकोल्याहून छापून आणला, सोनेरी चौकट, वर चकचकीत काच. कौसामावशी एवढ्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. "आबाजीयले माह्या हातानं देतो," म्हणाल्या आणि गुडघे धरत आमच्याबरोबर एसटीत चढल्या. आसेगावपर्यंत ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट त्यांनी कुणाला धरू दिली नाही. कंडक्टरनं टेकवून ठेवा म्हटलं तर त्यालाही दोन शब्द ऐकावे लागले.

बाबा ओट्यावर बसले होते. मी चौकट त्यांच्या समोर धरली. त्यांनी डोकं पुढे नेलं, मागे नेलं, डावीकडे झुकवलं. मग म्हणाले, "दरवाजा दिसून राह्यला बावा, उजेडाचा." काचेत अंगणाचं दार चमकत होतं. मावशींनी झटकन चौकट उलटी केली, खिळे उपसून काच काढली आणि फोटो पुन्हा धरला. आता बाबा बोटानं शोधायला लागले. हा कान. हा गाल. हे नाक असेल. "डोया सापडला," ते म्हणाले. मग ते दुसरा डोळा शोधायला सरकले, आणि तो सापडेपर्यंत पहिला हरवला. पुन्हा मागे आले. असं पुष्कळदा झालं. शेवटी त्यांनी फोटोवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चांगला हाय. लय चांगला हाय. तुकड्या-तुकड्यानं दिसते, पन दिसते." बाबा आयुष्यात कुणाचं मन मोडणारे नव्हते.

मावशींचा चेहरा पडला. त्या ओट्याच्या पायरीवर बसल्या. "सगळ्यायले इचारतो कोन पाह्यनार हाय म्हून. कसा पाह्यनार हाय, हे इचारलंच नाही म्या." मग त्या म्हणाल्या, "लहान करून आनतो, आबाजी. तळहातावर मावन असा."

"राहू द्या बाई," बाबा म्हणाले. "कागदच हाय तो शेवटी. मले तं तोच पाह्यजे होता." आणि अंगणात जिथून धावण्याचा आवाज येत होता तिकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "विरू! ये रे बाप्पा! विरू, अठी ये!" विरू अर्थातच उलट्या दिशेला पळाला. बाबांनी पुन्हा हाक मारली. तो आणखी लांब, गोठ्यापर्यंत.

"हाका मारू नका!" मावशी एकदम कडाडल्या. बाबा दचकले. आमच्या घरात त्यांच्यावर आवाज चढवणारं कुणी उरलं नव्हतं. "पाठ करा, आबाजी. भिंतीकडे तोंड करा. उजेड बाजूनं येईन असं बसा. हं, असं." त्यांनी पिशवीतून ते पितळी कुलूप काढून बाबांच्या हातात दिलं. "हे उघडा, लावा, उघडा, लावा. अन् तुमी सगळेजन दुसरीकडे पाहा." स्वतः त्या बाबांच्या बाजूला, भिंतीला टेकून बसल्या. कॅमेरा मांडीत.

बाबा भिंतीकडे तोंड करून किल्ली चाचपत बसले. सविता तांदूळ निवडायला लागली. मी तुळशीकडे पाहत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. तिरक्या नजरेनं माझं सगळं लक्ष ओट्यावर होतं. खडखड चालू होती. गोठ्याकडचा पळण्याचा आवाज थांबला. मग पाय जवळ आले, लांब गेले, पुन्हा जवळ आले. विरू ओट्याची पायरी चढला. बाबांना त्याची चाहूल नक्की लागली असणार, कारण किल्लीची खडखड मध्येच अडखळली, पण ते वळले नाहीत. विरूनं वळसा घातला, भिंत आणि आजोबा यांच्यामधल्या जागेत घुसला, त्यांच्या मांडीवर हात रोवून कुलपावर वाकला. किल्ली काही केल्या लागत नव्हती. विरूनं ती आपल्या हातात घेतली, त्यालाही जमेना, तेव्हा त्यानं मान वर करून आजोबांच्या अगदी तोंडाजवळ तोंड नेलं आणि विचारलं, "आबा, काय?"

कपाळाला कपाळ लागलं होतं. बाजूनं उजेड येत होता. बाबा हलले नाहीत. विरूही, कुणास ठाऊक कसा, हलला नाही. "घारेच हायेत," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "घारेच हायेत रे, संजू." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तेवढ्यानं दिसायचं थांबेल या भीतीनं ते पापणीही मिटत नव्हते.

मी कॅमेऱ्याच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आलाच नाही. विरूला कोंबडी दिसली आणि तो गेला.

परतताना फाट्यावर बसची वाट बघत उभे होतो. मला राहवत नव्हतं. खरं सांगायचं तर मला रागच आला होता. असा क्षण आता परत येणार होता का? "मावशी, बटन दाबलं नाही तुम्ही?"

"नाही."

"अहो, का पण?"

"आवाज झाला असता तं लेकरानं माह्याकडे पाह्यलं असतं." त्यांनी गुडघा चोळला. "अन् फोटो कोन पाह्यनार होतं, गुर्जी? ज्याले पाह्याचं होतं तो तं पाहून राह्यला होता."

मी म्हटलं, "आम्ही पाहिला असता."

"तुमाले डोये हायेत नं? चोरून पाहून राह्यले होते तुमी, दिसलं मले." आणि बस आली तशी मला हात द्यायला लावून त्या चढल्या.

कुलूप त्यांनी बाबांपाशीच ठेवलं. स्टुडिओत पुढे दुसरं आणलं, पण त्याचा आवाज तसा नाही अशी त्यांची कायमची कुरकुर होती. गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. गुडघ्यांनी जागेवर बसवलं आणि मग सगळंच आवरत गेलं. शेवटचं भेटलो तेव्हा उठताही येत नव्हतं, तरी विरू खोलीत आला तशी त्यांनी मोठ्या कष्टानं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं होतं. त्यांच्या जागी आता दोन-तीन पोरं मोबाइलची कव्हरं विकतात. निळ्या आभाळाचा पडदा त्या पोरांनी उन्हासाठी बाहेर बांधला आहे. त्या गल्लीतून जाताना मला अजून वाईट वाटतं.

बाबांची उरलेली नजरही गेली. आम्ही त्यांना मंगरूळपीरला आणलं. विरू आता पहिलीत आहे. तो शाळेतून यायच्या वेळेला बाबा भिंतीकडे तोंड करून बसतात, हातात ते कुलूप. खडखड चालू असते. विरूला ही युक्ती केव्हाच कळली आहे आणि आजोबांना दिसत नाही हेही त्याला ठाऊक आहे. तरी तो दारातच दप्तर टाकतो, वळसा घालून त्यांच्या पुढ्यात जातो, कपाळाला कपाळ लावतो आणि डोळे मोठे करून म्हणतो, "आबा, पाहा."